परतीची गाडी

मुलांनो, गाण्याच्या जलशाची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. मोठ्या अक्षरांत गायकाचे नाव असते. त्याखाली साथीदारांची नावे, मग तारीख, वेळ, पटांगण आणि तिकिटाचे दर. अगदी खाली कोपऱ्यात एक ओळ असते : ‘वाहनतळाची सोय आहे.’ प्रवासाबद्दल एवढीच ओळ, आणि तीही ज्याच्याकडे वाहन आहे त्याच्यासाठी. बसने येणाऱ्याने कोठे उतरावे, जलसा संपल्यावर शेवटची बस मिळेल की नाही, स्थानकापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत की नाहीत, हे कोणी छापत नाही. संगीत महोत्सवाला येणारे लोक कोणत्या वाहनाने येतात, हे बहुतेक वेळा या न छापलेल्या गोष्टींवरच ठरते, असे माझे मत आहे. ते मी येथे मांडणार आहे.

हल्ली ‘शाश्वत प्रवास’ हे शब्द वर्तमानपत्रांत वारंवार येतात. शाश्वत म्हणजे टिकणारा. उर्दूत आपण ‘पायदार’ म्हणतो तोच अर्थ. आपली आजची गरज भागवताना उद्याच्या माणसांची हवा आणि इंधन जो संपवत नाही, तो शाश्वत प्रवास. पायी जाणे, सायकलने जाणे, बसने किंवा रेल्वेने जाणे, आणि मोटारीनेच जायचे असेल तर चौघांनी मिळून एका मोटारीत जाणे, हे सारे त्यात येते.

आधी थोडा हिशेब करू. गणिताचा तास नाही हे मला ठाऊक आहे, पण आकड्यांशिवाय या विषयावर बोलणे म्हणजे हवेत तीर मारणे होय. समजा, कोल्हापूरचा एक रसिक डिसेंबरात पुण्याच्या संगीत महोत्सवाला निघाला. अंतर सुमारे २३० किलोमीटर. त्याची पेट्रोलची मोटार लिटरमागे १५ किलोमीटर जाते असे धरू. म्हणजे जाताना सुमारे १५ लिटर पेट्रोल जळेल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. तुम्ही म्हणाल, लिटरभर पेट्रोलचे वजन तर पाऊण किलोच्या आसपास, मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघेल? प्रश्न बरोबर आहे. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि त्याचे वजन यात मिळते. असा हिशेब केला तर जाऊन येऊन सुमारे ७० किलो वायू त्या एकट्या रसिकाच्या नावावर लागतो. मोटारीत चौघे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसतरा किलो.

आता तोच रसिक एस.टी.ने गेला तर? डिझेलची बस लिटरमागे साडेचार-पाच किलोमीटर जाते. एका खेपेला ५० लिटर डिझेल धरा. डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो वायू निघतो. जाऊन येऊन २७० किलो झाला. बसमध्ये ४० प्रवासी असतील तर प्रत्येकी पावणेसात किलो. एकट्याने मोटारीने गेल्यास ७० आणि भरलेल्या बसने गेल्यास पावणेसात, म्हणजे दहापटीचा फरक आहे. मात्र हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर हेही सांगितले पाहिजे की बस अर्धी रिकामी धावली तर हाच आकडा साडेतेरावर जातो, आणि मग चौघांनी भरलेली मोटार तिच्यापेक्षा फार वाईट राहत नाही. नुसती ‘बस चांगली, मोटार वाईट’ अशी घोषणा देऊन भागत नाही. भरलेली गाडी चांगली, रिकामी गाडी वाईट. मोटारसायकल कागदावर बरी दिसते, पण रात्री जागरण करून महामार्गावर दुचाकी चालवणाऱ्या तरुणांबद्दल मी तरी कौतुकाचा एक शब्दही लिहिणार नाही.

एका रसिकाचे जाऊ द्या. महोत्सवाला हजारो लोक येतात. मंचावरचे दिवे, ध्वनिवर्धक, जनरेटर, खाण्याचे गाळे, कागदी पेले आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या या गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची चर्चा होते. पण उघड्या मैदानावरच्या मोठ्या महोत्सवांत सर्वांत मोठा भार बहुधा श्रोत्यांच्या येण्याजाण्याचा असतो. ब्रिटनमधील महोत्सवांविषयीच्या २०१५ सालच्या एका अहवालात हा वाटा ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असे म्हटले होते. कागदी पेला टाळून आपण पुण्य कमावले असे समजणारा माणूस पार्किंगमधून एकटाच मोटार काढतो, तेव्हा त्याचा हिशेब चुकलेला असतो.

ही गोष्ट मोठमोठ्या कलावंतांच्याही ध्यानात आली आहे. कोल्डप्ले हा ब्रिटिश वाद्यवृंद तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. आमचा दौरा पर्यावरणाला झेपेल असा होईपर्यंत आम्ही दौऱ्यावर निघणार नाही, असे त्यांनी २०१९ मध्ये जाहीर केले. पुढे २०२२ मध्ये त्यांनी नवा दौरा सुरू केला, आणि २०२४ मध्ये सांगितले की २०१६-१७ च्या दौऱ्याच्या तुलनेत प्रत्येक कार्यक्रमामागचे आमचे थेट प्रदूषण ५९ टक्क्यांनी कमी झाले. आकडा चांगला आहे. मात्र त्यात त्यांच्या मंचाचा, सामानाच्या वाहतुकीचा, त्यांच्या स्वतःच्या आणि कामगारांच्या प्रवासाचा हिशेब आहे. श्रोते घरून कसे आले, हा भाग त्या ५९ टक्क्यांच्या बाहेर राहतो. वाद्यवृंदाने बॅटऱ्या बदलल्या, विमाने कमी केली, पण श्रोत्याच्या घरापासून मैदानापर्यंतचा रस्ता त्याच्या हातात नाही.

तो रस्ता कोणाच्या हातात आहे? याच कोल्डप्लेचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे झाले. १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि २५ व २६ तारखेला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर. नवी मुंबईचे स्टेडियम नेरूळ आणि जुईनगर या लोकलच्या स्थानकांजवळ आहे. अहमदाबादला एकेका दिवशी लाखाहून अधिक माणसे जमली. त्यांतली पुष्कळशी मुंबईहून, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरवरून येणार होती. पश्चिम रेल्वेने त्यांच्यासाठी खास गाड्या सोडल्या. अहमदाबादची मेट्रो त्या दोन दिवशी मध्यरात्रीनंतरपर्यंत चालवली. हजारो तरुण रेल्वेने गेले आणि मेट्रोने स्टेडियमवर पोहोचले. त्या सर्वांच्या मनात पर्यावरणाचे प्रेम एकाएकी उचंबळून आले होते, असे मला वाटत नाही. गाडी होती, तिची वेळ आधी कळली होती, आणि कार्यक्रम संपल्यावर मेट्रो सुरू राहणार हे ठाऊक होते. लोकांनी सोयीचा मार्ग धरला. तो सोयीचा मार्ग शाश्वतही होता, हे काम रेल्वेच्या वेळापत्रकाने केले.

आता आपल्या जवळच्या, अभिजात संगीताच्या महोत्सवाकडे येऊ. किराणा घराण्याचे थोर गायक सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात गुरूच्या स्मृतीसाठी महोत्सव सुरू केला. भीमसेनजी २०११ साली गेल्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालत असे. डिसेंबरची थंडी, अंगावर शाली, हातात चहाचा पेला, आणि पहाटेच्या रागाने सांगता. बहुतेक लोक त्या रात्रींची आठवण काढतात ती गाण्यासाठी. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मैफल पहाटे संपत असल्यामुळे परतीचा प्रश्नच उरत नसे. बाहेर पडले की पहिली बस उभी असे. साताऱ्याचा, नगरचा, सोलापूरचा माणूस गाणे संपवून थेट स्टँडवर जाई आणि दुपारच्या जेवणाला घरी पोहोचे. लॉजचे भाडे नाही, की रात्रीच्या रिक्षाची घासाघीस नाही. रात्रभराची मैफल ही, कोणी ठरवून केली नसली तरी, बसने येणाऱ्यांची मैफल होती.

पुढे काळ बदलला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावण्यास बंदी झाली. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, एवढीच सूट. नियम योग्यच आहे. मैदानाशेजारच्या घरात आजारी माणूस असतो, परीक्षेचा अभ्यास करणारे मूल असते. पण या नियमामुळे मैफल पहाटेऐवजी रात्री संपू लागली, आणि परतीचा प्रश्न जन्माला आला. रात्री १० वाजता सुटली तर अजून बस मिळते. मध्यरात्री सुटली तर ना रात्रीची बस, ना पहाटेची. बारा वाजता संपणारी मैफल मला प्रवासाच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीची वाटते. ती माणसाला मोटारीकडे ढकलते, आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याला घरीच बसवते.

हा महोत्सव अनेक वर्षे जुन्या पुण्यातल्या रमणबाग शाळेच्या पटांगणावर भरत असे. पेठांमधले रसिक पायीच येत. अलीकडच्या वर्षांत तो मुकुंदनगरला भरू लागला. पेठांतल्या माणसाला हे अंतर वाढले, परगावच्या माणसाला मात्र ते अडचणीचे नाही, कारण स्वारगेटचे एस.टी. स्थानक तेथून जवळ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याची मेट्रो भुयारी मार्गाने स्वारगेटपर्यंत पोहोचली. म्हणजे त्या वर्षीच्या डिसेंबरात पिंपरी-चिंचवडचा श्रोता मेट्रोने स्वारगेटला उतरून पुढे चालत किंवा रिक्षाने मैफलीला जाऊ शकत होता. जागेची निवड ही अशी दुधारी असते. संयोजक मैदान पाहतात तेव्हा किती खुर्च्या मावतील, भाडे किती, पाऊस पडला तर काय, हे विचारतात. जवळचे बसस्थानक किती पावलांवर आहे, हाही प्रश्न त्याच यादीत असायला हवा.

वर्गात आम्ही या विषयावर एकदा चर्चा केली होती. प्रवासाचे साधन कोणते निवडाल, असा प्रश्न मी फळ्यावर लिहिला. मुलांनी सायकल, रेल्वे, बस अशी उत्तरे भराभर दिली. पाठ्यपुस्तकातली उत्तरे ती! मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “टीचर, जायला काय, कशानेही जाता येतं. अब्बा विचारतात, परत कशी येणार? त्याचं उत्तर नसलं की जाणंच रद्द.” वर्ग शांत झाला. मुलींना तिचे म्हणणे लगेच समजले, मुलांना थोडा वेळ लागला.

या मुलीचे बोलणे मी विसरू शकत नाही, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एस.टी.मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. त्याआधी, २०२२ मध्ये, ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला. या सवलती मोलाच्या आहेत. गाण्याची आवड असलेल्या किती आजी, मावश्या, खाला त्यामुळे दुसऱ्या गावच्या जलशाला जाऊ शकतील! पण रात्री साडेदहाला बसच नसेल, तर अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? स्वस्त तिकीट घराबाहेर काढते, घरी परत आणते ती बस. म्हणून ज्या घरात मोटार आहे त्या घरातले लोक मैफलीला जातात आणि ज्या घरात नाही त्या घरातल्या बायका-मुली रेडिओवर ऐकतात. आपण त्याला आवडीचा फरक समजतो. तो पुष्कळदा वाहनाचा फरक असतो.

परदेशांत यावर काय उपाय केले आहेत ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचे खेडे आहे. तेथील शेतावर १९७० पासून ग्लास्टनबरी महोत्सव भरतो. दोन लाखांच्या आसपास माणसे जमतात, आणि आजूबाजूला सगळी शेते आणि अरुंद रस्ते. तेथे दोन युक्त्या केल्या जातात. जवळचे रेल्वेस्थानक कासल कॅरी. रेल्वेने येणाऱ्यांना त्या स्थानकापासून शेतापर्यंत बस मोफत मिळते. दुसरी युक्ती मला फार हुशारीची वाटते. या महोत्सवाची तिकिटे पाहता पाहता संपतात. तेव्हा बसच्या प्रवासासह काढायची तिकिटे आधी विक्रीला येतात आणि नुसत्या प्रवेशाची तिकिटे काही दिवसांनी. म्हणजे जो बसने येण्याचे कबूल करतो त्याला रांगेत पुढची जागा. उपदेश एका शब्दाचा नाही, पण माणसे बस निवडतात.

ब्रिस्टल शहरातला एक कार्यक्रम याच्याही पुढे गेला. मॅसिव्ह अटॅक हा तेथलाच वाद्यवृंद. त्याने हवामानशास्त्रज्ञांकडून आपल्या क्षेत्राचा अभ्यास करवून घेतला आणि २५ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच शहरातल्या मोठ्या माळावर एक दिवसाचा जलसा केला. श्रोत्यांच्या मोटारींसाठी जागाच ठेवली नाही. जवळपास राहणाऱ्यांना आधी तिकिटे दिली. रेल्वेस्थानकापासून मैदानापर्यंत विजेवर चालणाऱ्या बस ठेवल्या, आणि रात्री परत जाणाऱ्यांसाठी जास्तीच्या रेल्वेगाडीची व्यवस्था केली. शेवटची गोष्ट ध्यानात घ्या. वाहनतळ बंद करणे सोपे आहे. त्यासाठी एक दोरी आणि एक पाटी पुरते. परतीच्या गाडीची सोय न करता पार्किंग बंद केले असते, तर तो श्रोत्यांवर नुसता जुलूम झाला असता. जर्मनीत तर अनेक कार्यक्रमांचे तिकीटच त्या दिवसापुरते शहरातल्या बसचे आणि रेल्वेचे तिकीट असते. खिशात एकच कागद. वेगळे सुटे पैसे नकोत, रांग नको.

हे वाचून कोणी म्हणेल, ते श्रीमंत देश, त्यांना जमते. पण मिरजेच्या उरुसाला जे गेले असतील त्यांना माझे पुढचे म्हणणे पटेल. मिरज हे मोठे रेल्वे जंक्शन. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावी स्थायिक झाले होते. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांची कबर आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा होते. गाणे ऐकायला तिकीट नाही. सांगली-कोल्हापूरकडून आणि कर्नाटकातून लोक येतात. कोणी रेल्वेने, कोणी एस.टी.ने, कोणी वडापने. वडाप म्हणजे आपल्याकडची माणसे भरून नेणारी जीप, हे येथील मुलांना सांगायला नको. जवळच्या वस्त्यांतले लोक चालत येतात. रात्री पाहुण्यांकडे किंवा आवारातच अंग टाकतात आणि सकाळच्या गाडीने परततात. या लोकांच्या प्रवासाचा हिशेब मांडला, तर इंग्लंडातल्या कोणत्याही ‘हरित’ प्रवाशापेक्षा त्यांचा आकडा लहान निघेल.

त्यांना मात्र कोणी पर्यावरणप्रेमी म्हणत नाही. त्यांना गर्दी म्हणतात. वडाप हे काही आदर्श वाहन नव्हे, त्यात माणसे कोंबलेली असतात, हे मला मान्य आहे. तरीही मोटारीतून उतरणाऱ्या पाहुण्याने या लोकांना पर्यावरणाचे महत्त्व सांगावे, हे मला रुचत नाही. शाश्वत प्रवास हा गरीब श्रोता नाइलाजाने आधीपासूनच करतो आहे. खरी भीती वेगळी आहे. त्याच्या हातात चार पैसे आले की तो पहिल्यांदा दुचाकी घेईल आणि मग मोटार, कारण आजवरचा प्रवास त्याने हाल सोसत केला आहे. बसमध्ये नीट बसायला मिळाले, स्थानकावर दिवे आणि स्वच्छतागृह असले, आणि रात्रीची गाडी वेळेवर सुटली, तर तो बसनेच येत राहील.

श्रोत्यांना शिकवता, मग कलावंतांचे काय, असाही प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. भीमसेनजी अकरा वर्षांचे असताना गाणे शिकण्याच्या वेडाने घरातून निघाले आणि बिनतिकिटाचे, रेल्वेत गाणी म्हणत, गावोगाव फिरले. पुढे तेच भीमसेनजी मैफलींसाठी विमानाने इतके फिरू लागले की पु. ल. देशपांडे त्यांना गमतीने ‘हवाईगंधर्व’ म्हणत. त्यांना स्वतः मोटार चालवण्याचाही मोठा शौक होता. अब्दुल करीम खाँ १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला रेल्वेने निघाले असताना वाटेत त्यांची तब्येत बिघडली. ते एका लहान स्थानकावर उतरले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. त्या काळी गवयाचा सारा संसार रेल्वेच्या डब्यात असे. आज कलावंताने रेल्वेनेच जावे, असा हट्ट मी धरणार नाही. मिरजेत बनणारा तंबोरा घेऊन गर्दीच्या डब्यात एकदा चढून पाहा. भोपळ्याला धक्का लागला की महिन्याची मेहनत वाया. शिवाय गायक एक आणि साथीदार चार-पाच, तर श्रोते दहा हजार. कलावंताने विमान टाळले तर चांगलेच, पण मोठा हिशेब श्रोत्यांकडे आहे.

आता आपल्या तालुक्याच्या गावापुरते बोलू. कोणत्याही गावी संगीताचा जलसा ठरतो तेव्हा समिती पोलिसांकडे ध्वनिवर्धकाच्या परवानगीसाठी अर्ज करते. वीज मंडळाकडे जाते, मांडववाल्याकडे जाते. त्याच आठवड्यात एस.टी.च्या आगारप्रमुखांना एक पत्र द्यायला काय हरकत आहे? अमुक दिवशी रात्री १० वाजता कार्यक्रम संपेल, अमुक दिशांना साधारण इतके लोक परततील, तेव्हा शेवटची बस अर्धा तास उशिरा सोडावी किंवा एक जादा बस द्यावी. यात्रेसाठी, उरुसासाठी, आषाढीसाठी एस.टी. जादा गाड्या सोडतेच. आगाराला गाडी काढायला अडचण नसते. गाडी रिकामी जाईल याची त्यांना काळजी असते, आणि ती वाजवी आहे. हिशेबात आपण पाहिलेच की रिकामी बस कोणाच्याच फायद्याची नाही. म्हणून समितीने आधी नावे घ्यावीत. तिकीट विकतानाच विचारावे : कोणत्या गावाहून येणार, परत कसे जाणार? चाळीस नावे झाली की बस ठरवावी. दहाच झाली तर त्या दहा जणांची आणि त्याच वाटेने जाणाऱ्या मोटारवाल्यांची गाठ घालून द्यावी.

आणि कार्यक्रम वेळेवर संपवावा. आपल्याकडे सत्कार, प्रास्ताविक आणि आभार यांतच तास जातो. मुख्य गायक मंचावर येतो तेव्हा बसने आलेला माणूस घड्याळाकडे पाहू लागतो. ज्या गाण्यासाठी तो ४० किलोमीटरवरून आला, ते अर्धवट टाकून त्याला उठावे लागते. मोटारवाला निवांत बसून राहतो. असे दोन वेळा झाले की तिसऱ्या वर्षी तो माणूस एक तर येत नाही किंवा कोणाची तरी मोटारसायकल मागून आणतो. सत्काराचे हार दोनाने कमी केले, तर एवढे टळेल.

जाहिरात छापताना ‘वाहनतळाची सोय आहे’ या ओळीच्या वर आणखी एक ओळ सहज मावते : बस स्थानकावरून चालत किती मिनिटे, आणि कोणत्या गावाची शेवटची गाडी किती वाजता. माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या अब्बांना तेवढी ओळ वाचायची आहे.